रडू थांबेपर्यंतची खुर्ची

आजोबांनी आयुष्यभर बसमध्ये नोकरी केली, पण बसून नाही केली. कंडक्टर माणूस. गाडी खच्चून भरलेली असली की स्वतःची सीट कुणातरी लेकुरवाळीला द्यायची, आणि रिकामी असली की बसल्याबसल्या डोळा लागायची भीती. म्हणून ते आपले उभेच. एक हात वरच्या दांड्याला, दुसऱ्या हातात तिकिटं आणि तोंडाने अखंड जप, “पुढे सरका, पुढे सरका! मागे माणसं लोंबकळतायत आणि पुढे फुगडी घालण्याएवढी जागा आहे!” डेपोत त्यांना सगळे ‘सरका’च म्हणायचे. निरोपाच्या दिवशी साहेबसुद्धा भाषणात खरं नाव विसरले आणि ‘आपले सरका’ म्हणून मोकळे झाले.

अशा माणसाला म्हातारपणी देवाने बसायला खुर्ची दिली. ती केवढी? तर गुडघ्याएवढी.

त्याचं असं झालं. आजोबांना एकुलती एक नात. नाक इवलंसं, गोल, चेहऱ्यावर मागाहून शिवल्यासारखं. म्हणून तिचं नाव पडलं बटण. बटणची आजी, म्हणजे आजोबांची बायको, दोन वर्षांपूर्वी देवाघरी गेली. मुलगा छापखान्यात, सून कापडाच्या दुकानात काउंटरवर. दोघंही सकाळी डबे घेऊन जायची ती संध्याकाळीच परतायची. घरात राहायचे आजोबा आणि बटण. दोघांचं छान चाललं होतं. पण बटण साडेतीन वर्षांची झाली आणि सून म्हणाली, “बाबा, आता हिला बालवाडीत घालू या. चार पोरांत मिसळेल.”

“घाला की. मी कुठे नको म्हणतोय?” आजोबा म्हणाले. मनात मात्र म्हणाले, नकोच.

बालवाडी दुकानांच्या रांगेमागे होती. सायकलवाल्याच्या शेजारच्या बोळातून आत गेलं की एक फाटक, फाटकाच्या आत अंगण, अंगणात एक नळ, एक वाळूचा ढीग आणि एक वाकडं झाड. मग ओसरी आणि ओसरीमागे एक लांबट खोली. पहिल्या दिवशी खोलीच्या दारात बटणने आजोबांच्या पायाला जी मिठी मारली, ती सुटेचना. भोकाड असं पसरलं की सायकलवाला हातातला पाना टाकून बघायला आला.

बाई बाहेर आल्या. सुनेच्याच वयाच्या असतील. केस वर बांधलेले, आणि कोपरांवर चटईचे वळ. आजोबांना वाटलं, आता या पोरीला ओढून नेणार, दार लावणार, आणि आपण तिकडे बोळात कान झाकून उभे राहणार. पण बाईंनी बटणला हातही लावला नाही. त्या आजोबांनाच म्हणाल्या, “आजोबा, तुम्हीपण आत या.”

“मी?”

“हो. तुमच्यासाठी खुर्ची आहे आमच्याकडे.”

खोलीच्या अगदी मध्यावर त्यांनी एक पिवळी छोटी खुर्ची आणून ठेवली. नियम सांगितले ते असे : ज्या मुलाचं रडू थांबत नाही, त्याच्या घरच्या एका माणसाने या खुर्चीत बसायचं. बोलायचं नाही, बोलवायचं नाही, मदत करायची नाही. मुलाला दिसत राहायचं, बस्स. रडू थांबेपर्यंत खुर्ची तुमची.

“म्हणजे खांबासारखं बसायचं,” आजोबा म्हणाले.

“अगदी तसंच.”

आजोबा बसले. गुडघे हनुवटीला लागले. बटणने पाय सोडला आणि खुर्चीची पाठ धरली.

खांब झाल्यावर माणसाला करायला काही उरत नाही, म्हणून आजोबा बघायला लागले. एक मुलगा तोंडाने भुर्र करत खोलीभर फिरत होता. त्याचं नाव इंजिन. इंजिन थांबायचं ते फक्त पाणी प्यायला. दोन मुली वाळूचा स्वयंपाक करत होत्या, आणि एकीने मीठ जास्त घातलं म्हणून दुसरी तिच्यावर डाफरत होती. एक पोर पालथं पडून मुंग्यांची रांग बघत होतं. आणि बाई? बाईसुद्धा त्याच्या शेजारी पालथ्या! मुंग्या कुठे चालल्यात, असं त्या पोरालाच विचारत होत्या. सगळं पोरालाच विचारायचं, तर मग बाई कशाला ठेवल्यात, असं आजोबांच्या मनात आलं. त्यांच्या वेळी कसं, पाटी पुढ्यात, छडी मागे, आणि मान वर केली की पाठीत धपाटा. ते वाट बघत राहिले. आता प्रार्थना होईल, आता हजेरी होईल, आता फळ्यावर काहीतरी येईल. शेवटी न राहवून त्यांनी जाता जाता बाईंना विचारलं, “बाई, हे सगळं ठीक आहे, पण शाळा सुरू कधी होणार?”

“सुटली की आजोबा!” बाई म्हणाल्या. “छान झाली आज.”

तिसऱ्या दिवशी बटण खुर्ची सोडून नळापर्यंत गेली. नळाखालून एक मोरी निघून अंगणातल्याच एका बुटक्या भिंतीखालून पलीकडे जात होती. बटणने त्या वाकड्या झाडाचं एक इवलंसं पान मोरीत सोडलं आणि धावत भिंतीच्या पलीकडे जाऊन बसली. थोड्या वेळाने तिथून पान बाहेर आलं. पण ते दुसरंच होतं. आधीच आत कुठेतरी अडकलेलं, तळहाताएवढं.

“मोठं झालं!” बटण किंचाळली. “पान आत जाऊन मोठं झालं!”

सगळी पोरं गोळा झाली. आजोबांच्या जिभेला नुसती खाज सुटली. अगं वेडाबाई, ते दुसरं पान आहे! एवढं साधं वाक्य, पण तोंडातल्या तोंडात फिरवून गिळावं लागलं. बाईंनी तरी सांगावं? तर त्या म्हणाल्या, “अगं बाई! आत काय जेवलं असेल गं?”

दोन दिवस पोरं दुसरं काही बोलेनात. पान वरण खातं, शेवाळ खातं, अंधार खातं. मग वाळूचा स्वयंपाक करणाऱ्या त्या खारट मुलीने शंका काढली, “हे आपलंच पान कशावरून?” झाली पंचाईत! बाईंनी लाल दोऱ्याचं रीळ आणून नुसतं चटईवर ठेवलं आणि दुसरीकडे निघून गेल्या. पोरांनी बराच वेळ त्या रिळाकडे बघितलं. मग बटणच म्हणाली, “आपल्या पानाला दोरा बांधू.” गाठ मारायला सगळी सकाळ गेली. पान फाटलं, दुसरं आणलं, तेही फाटलं. शेवटी दोरेवालं पान मोरीत गेलं आणि भिंतीपलीकडे सगळी पोरं श्वास रोखून बसली. पान आलं. लाल दोरा होता, आणि पान होतं तेवढंच होतं.

आता काय म्हणते, म्हणून आजोबांनी मान लांब केली.

बटणने पान उलटसुलट करून पाहिलं आणि निकाल दिला, “आज त्याला भूक नव्हती.”

आजोबा त्या दिवशी रस्त्याने एकटेच हसत घरी आले. बटण हाताला होती, पण हसणं त्यांचं एकट्याचं. किती दिवसांनी हसलो, असं त्यांनाच वाटलं आणि जरा चमकायला झालं.

बसचा खेळ त्याच आठवड्यात सुरू झाला. सगळ्या खुर्च्या एकामागे एक लागल्या. इंजिन ड्रायव्हर झालं, ते ठरलेलंच होतं. बटण म्हणाली, “मी कंडक्टर, कारण माझे आजोबा कंडक्टर आहेत.” यावर कुणाचं काही चालेना. गाडी चंद्रावर निघाली. निम्मी पोरं चढली होती, निम्मी लटकत होती, तेवढ्यात इंजिनने भुर्र केलं आणि आजोबांच्या तोंडून निघून गेलं, “अरे अरे, मागचं दार लावल्याशिवाय गाडी हलवायची नाही!”

खोली चिडीचूप. खांब बोलला होता.

आजोबांनी ओशाळून बाईंकडे बघितलं. बाई दुसरीकडे बघत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. पोरं मात्र विचारात पडली. आजोबा बोलले म्हणजे ते खेळात आले, पण हलायचं तर त्यांना नाही. हलत नाही असं बसच्या खेळात काय असतं?

“स्टॉप!” इंजिन ओरडलं. “आजोबा स्टॉप आहेत!”

अशी बढती मिळाली. बत्तीस वर्षं ज्या माणसाने हजारो स्टॉप मागे टाकले, तो स्वतःच स्टॉप झाला. गाडी चंद्रावरून यायची, समुद्राच्या तळातून यायची, मामाच्या घरून यायची, पण येऊन थांबायची ती आजोबांच्या पुढ्यात. “पुढे सरका, पुढे सरका!” बटण ओरडायची. तिला हे शिकवलं कुणी, हे आजोबांना आठवेना. भाजी चिरताना, अंथरूण घालताना आपण घरातही तेच बोलत असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पोरं भांडायचीसुद्धा. माणसं सहा आणि खुर्च्या पाच, मग उभं कोणी राहायचं? खारट मुलगी म्हणायची, “जो काल बसला तो आज उभा.” ज्याचं त्यात नुकसान, तो म्हणायचा, “काल रद्द.” बाई मध्ये पडायच्या नाहीत. पोरं आपली बोटं मोजून, रुसून, पुन्हा मोजून कसाबसा तोडगा काढायची. आजोबांना वाटलं, हे आमच्या युनियनला जमलं असतं तर किती संप वाचले असते!

“आजोबा, तुझी खरी बॅग आण ना,” बटण एकदा म्हणाली. तिच्या खांद्यावर बाईंची जुनी पर्स होती. आजोबांची चामड्याची बॅग घरी दारामागच्या खिळ्याला लटकत होती. नोकरी संपल्यावर ती त्यांनी मागून घेतली होती.

“ते खेळणं नव्हे बाळा,” आजोबा म्हणाले. एरवी तिला कशाला नाही म्हणत नसत, पण याला म्हणाले.

आणि मग एक दिवस त्यांना जाणवलं की वाळूचा ढीग दिसत नाही. पहिल्या दिवशी खुर्चीत बसलं की खिडकीतून वाळू, नळ, झाड, सगळं दिसायचं. आता चपलांचं कपाट दिसत होतं. त्यांनी मान वळवून पाहिलं तर दार अगदी पाठीशी.

मावशी, म्हणजे बालवाडीत झाडलोट आणि पोरांचं हवं-नको बघणाऱ्या, कपाटातल्या चपला लावत होत्या. आजोबांनी हळूच विचारलं, “मावशी, खोली बदलली का हो?”

“खोली कशी बदलेल? खुर्ची चालतेय,” मावशी म्हणाल्या. “रोज एक फरशी. बाई सकाळी स्वतः ठेवतात. मधून दाराशी, दारातून ओसरीवर, ओसरीवरून फाटकाशी. मग फाटकातून आपापल्या घरी! पोरांना कळतसुद्धा नाही. मोठ्यांनाच कळतं.”

आजोबांनी खाली बघितलं. फरश्या काळ्या-पांढऱ्या होत्या. त्यांनी दारापर्यंतच्या मोजल्या. फार नव्हत्या.

बटणचं रडू थांबून किती दिवस झाले, हे त्यांनी आजवर आठवायचं टाळलं होतं. ती आता दारातूनच हात सोडून पळायची. खुर्चीकडे बघायचीदेखील नाही, गाडी स्टॉपवर आणायची असली तरच. म्हणजे रडू थांबलं होतं, आणि खुर्ची मात्र अजून आजोबांकडे होती. फुकट्या प्रवासी! आयुष्यभर ज्यांना खाली उतरवलं, त्यांच्यातलेच आपण एक.

पण उतरून जायचं कुठे? घरी सकाळी फ्रीज घुरघुरतो आणि नळ ठिबकतो. पेपर वाचून होतो. मग दुसऱ्यांदा वाचून होतो. बायको होती तेव्हा निदान भांडायला तरी सोबत होती. त्या खोलीत, पोरांच्या त्या गलक्यात, सकाळ कशी सरायची कळायचं नाही. पान उद्या जेवेल का, हे बघायला माणसाला उद्या उठावंसं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी बाई पाणी प्यायला वळल्या तेव्हा आजोबांनी टाचा रोवल्या आणि बसल्याबसल्या खुर्ची एक फरशी पुढे रेटली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. बाई सकाळी मागे ठेवायच्या, आजोबा दुपारपर्यंत पुढे यायचे. मावशींनी बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

रात्री जेवताना सून म्हणाली, “बाबा, रमली ना बटण आता? उद्यापासून नुसती सोडून येत जा. तुमचेही पाय मोकळे होतील.”

“रमली कुठली!” आजोबा घाईने म्हणाले. “आत्ता कुठे जरा… अजून धीर नाही तिला.”

“मला आहे धीर,” बटण म्हणाली.

“तू जेव.”

सुनेने नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने ताटाकडे.

सकाळी देवापुढे उभे राहिले तेव्हा आजोबांची पंचाईत झाली. रोज म्हणायचे, देवा, पोरगी रमू दे. आज तसं म्हणावं तर खुर्ची जाते, आणि रमू नको देऊ म्हणायला जीभ रेटेना. शेवटी डोळे मिटून नुसतं म्हणाले, “तुला सगळं ठाऊकच आहे,” आणि पटकन हात खाली घेतले.

देवाला सांगायची लाज वाटली तरी नातीला सांगायची वाटली नाही, हे मात्र खरं. बोळाच्या तोंडाशी आल्यावर ते वाकले आणि म्हणाले, “बटण, आज जरा रडशील का?”

“का?”

“असंच गं. थोडंसंच. पूर्वी रडायचीस ना, तसं.”

बटणने विचार केला. “मोठ्याने की हळू?”

“मध्यम.”

खोलीत शिरल्या शिरल्या बटण कामाला लागली. मधोमध उभी राहून तिने डोळे गच्च मिटले आणि “ऊं… ऊं…” सुरू केलं. पाणी काही येईना. खारट मुलगी जवळ आली. “काय खेळतेस?”

“रडण्याचं.”

“मीपण.”

इंजिनलाही यायचं होतं. त्याचं रडणं भोंग्यासारखं. बघता बघता सगळा वर्ग रडायला लागला, जो तो दुसऱ्यापेक्षा वरच्या पट्टीत. कुणी लोळून, कुणी भिंतीला टेकून. मुंग्यावालं पोर मुंग्यांच्या वतीने बारीक आवाजात रडत होतं. “माझ्या रडण्याचं तळं झालं!” कुणीतरी ओरडलं. “माझी नदी!” “पूर आला, पूर!” लगेच चटया ओढल्या गेल्या, चटयांच्या होड्या झाल्या, हातांची वल्ही झाली. ज्यांना पोहता येत होतं ते फरशीवर पोहायला लागले. बुडणाऱ्यांना ओढून काढायचं काम खारट मुलीने घेतलं. ती ओरडत होती, “लहान बाळं आधी! लहान बाळं आधी!”

पूर बस स्टॉपपर्यंत आला. “स्टॉप बुडाला! आजोबा, पाय वर घे!” बटण ओरडली आणि आजोबांनी खरोखरच पाय वर घेतले. छोटी खुर्ची मागे कलली आणि आजोबा बदकन फरशीवर. गाल फुगवून, डोळे पुसत सगळी पोरं हसत सुटली. बाईसुद्धा चटईवर बसून हसत होत्या.

“कुणाला सुचला हा खेळ?” त्यांनी विचारलं.

“आजोबांना,” बटण छाती काढून म्हणाली. “आजोबा म्हणाले, आज रड. मध्यम.”

पुरात बुडालो असतो तर बरं, असं आजोबांना झालं.

शाळा सुटल्यावर पोरं अंगणात होती. बाई पिवळ्या खुर्चीजवळ जमिनीवर बसल्या. त्या मोठ्यांशीही बसूनच बोलायच्या. आजोबा उठू लागले तर म्हणाल्या, “बसा, बसा.” आणि मग, “आजोबा, ही खुर्ची रडू थांबेपर्यंत असते. तुमचं थांबलं का?”

आजोबांनी खिडकीबाहेर बघितलं. बटण मोरीत काहीतरी सोडत होती.

“माझं कुठे काय,” ते म्हणाले. पण खुर्चीतून उठले नाहीत.

“खुर्ची मी उद्याही ठेवेन,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला उठा म्हणणार नाही. पण पुढे सरकवू नका. खुर्चीच्या पायांनी फरशीवर ओरखडे पडतायत.”

दुसऱ्या दिवशी खुर्ची अगदी उंबरठ्याशी होती. आजोबा मुकाट बसले. टाचा वर धरून बसले.

पोरांनी नुकत्याच खुर्च्या लावल्या होत्या, तोच ओसरीवरून एक ओळखीचा आवाज आला. आवाज कुणाचा ते नव्हे. आवाजाची जात ओळखीची होती. पोटातून काढलेलं भोकाड. एक आई आत आली. अंगावर दवाखान्यातल्या आयांचा निळा झगा, डोळे तारवटलेले. रात्रपाळी करून परस्पर आली असावी. तिच्या मानेला एक मुलगी लटकली होती, फासावर लटकावं तशी. मुलीचा आवाज एवढा की इंजिनसुद्धा बंद पडलं.

“या, आत या,” बाई म्हणाल्या. “तिला सोडवू नका, असू दे तशीच.” त्यांनी आजोबांकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, हे आजोबांना कळलं.

खुर्ची एकच होती. का एकच, हे मावशींनी पूर्वी सांगितलं होतं. दोन मोठे आले की गप्पा मारतात, आणि पोरं खेळायची सोडून त्यांच्या तोंडाकडे बघत बसतात. आता ती आई भिंतीला टेकून उभी होती. एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होती. मूल कडेवर, पिशवी खांद्याला, आणि वरचा दांडा धरावा तसा एक हात खिडकीच्या गजाला.

आजोबांनी हे चित्र आयुष्यात किती वेळा पाहिलं असेल! दर फेरीला पाहिलं असेल. आणि दर वेळी ते काय करायचे? सीटवर पाय पसरून, खिडकीबाहेर बघत, झोपेचं सोंग घेतलेला जो कुणी धडधाकट बाप्या असेल, त्याच्या खांद्यावर दोन बोटांनी टकटक करायचे. “उठा साहेब. लेकुरवाळी आहे.” कुरकुर करणाऱ्याला म्हणायचे, “उभं राहिल्याने झिजत नाही माणूस, मी झिजलोय का?”

आज टकटक करणारं कुणी नव्हतं. आजोबांनी उजवा हात उचलला आणि आपल्याच डाव्या खांद्यावर दोन बोटं वाजवली. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले. कट्कन आवाज झाला.

“बसा बाई,” ते म्हणाले. “सीट रिकामी आहे.”

“अहो, तुम्ही…?”

“मी इथे उतरतोय. माझा स्टॉप आला.”

मावशींनी खुर्ची उचलून पुन्हा खोलीच्या मध्यावर ठेवली. ती आई बसली, आणि बसताना तिच्या तोंडून जो सुस्कारा निघाला, तो ऐकून आजोबांना वाटलं, चला, दिवसाचं काहीतरी काम झालं. ओसरीवर येऊन त्यांनी चपला घातल्या. मागून बटण धावत आली.

“आजोबा, कुठे चाललास?”

“घरी. तुला न्यायला येईन.”

“मग गाडी कुठे थांबेल?”

“बाईंना विचार,” ते म्हणाले, आणि मग त्यांनाच हसू आलं. बाई काय सांगणार? त्या तर उलट हिलाच विचारतील.

घरी फ्रीज घुरघुरत होता. आजोबांनी पेपर उचलला आणि ठेवला. दारामागच्या खिळ्यावरची बॅग खाली काढली. चामडं सुरकुतलं होतं, पण पट्टा मजबूत होता. आत एका कप्प्यात कधीचं तरी एक तिकीट अडकलेलं निघालं, दुमडलेलं, न फाडलेलं. कुणाचं राहिलं कोण जाणे. त्यांनी बॅगेला तेल लावलं. पट्ट्याला नवीन भोकं पाडली. बरीच वर, साडेतीन वर्षांच्या खांद्याच्या मापाने. एवढ्यात सकाळ सरली, आणि बटणला आणायला जायला चक्क उशीर व्हायची वेळ आली.

बॅग काखेत मारून ते बोळातून लगबगीने आले आणि फाटकाशी थांबले. आत जावं की नाही कळेना. नियमाने आता त्यांची जागा फाटकाबाहेर होती.

तेवढ्यात ओसरीवरून भुर्र आवाज आला. खोलीतून पोरांची रांग बाहेर पडली. प्रत्येकाने पुढच्याचा सदरा धरलेला. सगळ्यांत पुढे इंजिन, त्याच्या मागे बटण, खांद्याला बाईंची पर्स. गाडी ओसरी उतरली, वाळूला वळसा घालून नळावर पाणी भरायला थांबली आणि सरळ फाटकाकडे आली. शेपटाला ती नवीन मुलगीही होती. एका हाताने खारट मुलीचा सदरा, दुसऱ्या हाताने आईचा निळा झगा. डोळे अजून ओले होते, पण भुर्र ती पण करत होती.

“पुढे सरका, पुढे सरका!” बटण ओरडली. “गाडी आता लांबची झाली! स्टॉप फाटकावर गेलाय!”

आजोबा ताठ उभे राहिले. हात अंगाला चिकटवले. बोळातून सायकलवाला ओरडला, “अहो आजोबा, असे काय उभे? पाठ धरली का?”

आजोबा ओठ न हलवता म्हणाले, “गप रे. मी स्टॉप आहे.”

गाडी अगदी त्यांच्या पोटाला लागून थांबली. “शेवटचा स्टॉप, सगळे उतरा!” बटण म्हणाली आणि तिची नजर काखेतल्या बॅगेवर पडली. तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आजोबांनी बॅग तिच्या गळ्यात घातली. पट्टा बरोबर बसला, बॅग मात्र गुडघ्याशी लोंबत होती.

“खरी?” तिने विचारलं.

“खरी.”

बटणने बॅग उघडली, आत हात घालून ते जुनं तिकीट काढलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि आजोबांपुढे धरलं.

“हे घे,” ती म्हणाली. “उद्या इथूनच चढायचं हं. उशीर करू नकोस.”